लॉक्साकाठचा रस्ता आणि तीनशे टनांची धुडं

रानवाट (धागाकर्ता)

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, आयडाहो राज्यात, महामार्ग १२ नावाचा दुपदरी रस्ता आहे. लुइस्टनपासून मोंटानाच्या हद्दीवरच्या लोलो खिंडीपर्यंत साधारण २८० किलोमीटर. आधी क्लिअरवॉटर नदीच्या काठाने, मग तिच्या मधल्या फाट्याने आणि शेवटचा मोठा टप्पा लॉक्सा नदीला बिलगून. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला थेट पाणी. खिंडीतून उतरायला लागलं की पिवळी पाटी दिसते, 'पुढचे ९९ मैल वळणांचा रस्ता'. मोटरसायकलवाले तिच्याशेजारी फोटो काढल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

१९६८ साली तिथे नद्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा पहिल्या आठ नद्यांत क्लिअरवॉटरचा हा मधला फाटा होता, लॉक्सा आणि सेल्वे या उपनद्यांसकट. २००५ मध्ये रस्त्यालाही 'ऑल अमेरिकन रोड' हा निसर्गरम्य मार्गांतला वरचा दर्जा मिळाला.

आणि २०१० मध्ये तेल कंपन्या इथून आपली अवजड यंत्रसामग्री न्यायला निघाल्या. कोनोकोफिलिप्सला जपानमध्ये बनलेले कोक ड्रम (जड तेलाचा कोक करायची प्रचंड भांडी) मोंटानातल्या बिलिंग्जच्या रिफायनरीत पोचवायचे होते, चार खेपांत. त्यांच्यामागे रांगेत इंपीरियल ऑइल आणि एक्सॉनमोबिल: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कर्ल तेलवाळू (डांबरासारखं तेल असलेली वाळू) प्रकल्पासाठी दक्षिण कोरियात बनलेली दोनशेहून जास्त मॉड्यूल्स. मोठी खेप म्हणजे सुमारे २१० फूट लांब, २४ फूट रुंद, ३० फूट उंच. दोन्ही मार्गिका भरून जातील एवढी. रात्री चालायचं, दिवसा रुंद जागा बघून उभं राहायचं आणि इतर गाड्यांना १५ मिनिटांपेक्षा जास्त अडवायचं नाही, अशी राज्याची अट.

माझी बाजू आधीच सांगतो. हे इथून जायला नको होतं. पण विरोधकांचे सगळे मुद्दे मला पटलेले नाहीत, आणि कंपन्यांचे तर त्याहून कमी पटलेत. अवजड वाहतुकीतलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

ओडीसीवाला

आहे मी. ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, त्यातच पोट भरतो.

'रस्ता खचेल, पूल मोडेल' हा मुद्दा आधी निकालात काढू. अमेरिकेत साध्या ट्रकची मर्यादा एकूण ८०,००० पौंड आणि जोड ॲक्सलला ३४,०००. धूड जितकं जड तितके ॲक्सल वाढवायचे, म्हणजे एकेका ॲक्सलवरचा भार आटोक्यात राहतो. पुलांचं गणित वेगळं असतं, कारण एका गाळ्यावर एका वेळी किती ॲक्सल येतात ते पाहावं लागतं. त्यासाठीच ट्रेलर एवढा लांब करतात. प्रत्येक ॲक्सल हायड्रॉलिक सिलिंडरवर असतो आणि ते सिलिंडर गटागटाने एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी भार शेजारच्यांत वाटला जातो. रस्ता वळणावर एका अंगाला कलता असेल तर एका बाजूचे सिलिंडर वर घेऊन माल ओळंब्यात ठेवायचा.

प्रत्यक्षात कसं दिसतं सांगतो. पुढे ओढणारा पुलर, मागे ढकलणारा दुसरा. वळणावर स्टिअरिंगवाला ट्रेलरच्या कडेने पायी चालतो, हातात रिमोट, नजर शेवटच्या चाकावर. पुलरचा ड्रायव्हर त्याला दिसतही नाही. वॉकीटॉकीवर फक्त 'थांब', 'हळू', 'अजून डावं'. चाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर वीतभर गेलं की सगळ्यांचा श्वास अडकतो. अशी रात्र संपली की कुणाला जेवायचीही इच्छा नसते.

तेव्हा तांत्रिकदृष्ट्या तो रस्ता अशक्य नव्हता. अवघड होता, इतकंच.

खळाळ

अशक्य नव्हता हे मान्य. लॉक्सावर राफ्टिंग केलंय, म्हणून थोडं नदीच्या बाजूने.

मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून लॉक्सा फुगते, तेव्हा देशभरातून लोक येतात. पाणी ओसरलं की ट्राउट पकडणारे येतात. वरच्या भागात पकडलेला मासा सोडून द्यायचा असतो. खालच्या टोकाचं लोवेल आणि वरचं पॉवेल यांच्यामध्ये शंभरेक किलोमीटर पेट्रोलपंप नाही, बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. आणि मुख्य म्हणजे दुसरा रस्ता नाही. इथे रस्ता अडला की अडलाच.

नदीत एखादं धूड कोसळलं तर ते काढायला लागणारी क्रेनसुद्धा त्याच रस्त्याने आणावी लागेल. ती कुठे उभी करणार, याचं समाधानकारक उत्तर मी तरी कुठे वाचलं नाही. ओडीसीवाले, तुमच्याकडे आहे?

ओडीसीवाला

नाही. सरळ सांगतो. दोन मार्गिकांच्या रस्त्यावर तीनशे टनांची क्रेन पाय पसरून उभी राहू शकत नाही. जॅकने उचलून आणि स्किडिंगने, म्हणजे घसरवत, इंचाइंचाने करावं लागेल, आठवडे जातील.

हिशेबी

नेहमीप्रमाणे सगळे नदीवर कविता करणारे जमलेत, तर दुसरी बाजू मांडतो.

लुइस्टन हे समुद्रापासून ४६५ मैल आत असलेलं बंदर आहे. कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरच्या आठ धरणांची लॉक्स (बोटी वर-खाली चढवायचे पाण्याचे कप्पे) पार करून बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, तिथपर्यंत येतात. त्यांतलं शेवटचं लोअर ग्रॅनाइट धरण १९७५ मध्ये झालं तेव्हा हे शक्य झालं, आणि ते करदात्यांच्या पैशातून झालं. मग बंदराने माल आणू नये तर काय करावं? गहू आणि लाकूड यांवर किती दिवस काढायचे?

हा रस्ता पर्यटकांसाठी जन्माला आलेला नाही. लाकडाचे ट्रक, धान्याचे ट्रक वर्षानुवर्षं तिथूनच धावतात. रात्री दहानंतर एखादं धूड गेलं तर त्या माशाला काय फरक पडतो? शिवाय राफ्ट नेणारी गाडी कशावर चालते, तेही सांगा.

चहाटळ

हिशेबी, राफ्टवाल्यांनी पेट्रोल वापरलं म्हणून तेलवाल्यांनी नदी वापरायची, हा न्याय छान आहे. :)

रानवाट

हिशेबींचा बंदराचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. लुइस्टनमध्ये खरोखरच बऱ्याच लोकांना हे काम हवं होतं. त्यांना मूर्ख किंवा विकले गेलेले म्हणणं मला तरी जमणार नाही.

पण लाकडाचा ट्रक आणि हे यात फरक आहे. लाकडाचा ट्रक समोरून आला तर मी माझ्या मार्गिकेतून जातो. धूड आलं तर मी पुढच्या रुंद जागेवर थांबून राहतो. त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या गेल्या, तारा हलवाव्या लागल्या, मोंटानात गाड्या बाजूला घ्यायच्या जागा नव्याने बांधायची योजना होती. एका खेपेसाठी कुणी एवढं करत नाही. एकदा केलं की तो कायमचा अवजड मार्ग होतो, आणि तसा तो करायचा का, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. परवाना द्यायचा तो एकेका खेपेचा. राज्याचं वाहतूक खातं बघणार काय? रुंदी बसते का, पूल घेतो का, १५ मिनिटांत गाड्या सोडता येतात का. सगळी उत्तरं 'हो' आली की शिक्का.

घटनाक्रम थोडक्यात: ऑगस्ट २०१० मध्ये खालच्या न्यायालयाने कोनोकोफिलिप्सचे परवाने रद्द केले. नोव्हेंबरमध्ये आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की या टप्प्यावर आम्हाला अधिकारक्षेत्रच नाही. परवाने योग्य की अयोग्य यावर निकाल नाहीच. फेब्रुवारी २०११ मध्ये पहिली खेप निघाली. एप्रिलमध्ये इंपीरियलचं चाचणीचं मॉड्यूल निघालं, ते विजेच्या खांबाच्या ताणतारेला लागलं आणि परिसरातली वीज गेली.

नवखी

वाचतेय, मस्त धागा. एक बाळबोध प्रश्न. तुकडे करून का नेत नाहीत? आणि रेल्वे?

ओडीसीवाला

बाळबोध नाही, नेमका प्रश्न आहे.

रेल्वेला बोगदे आणि पूल यांची ठरलेली मापं असतात. २४ फूट रुंदीचा माल रुळांवर चढवायचा विचारही करू नका.

तुकड्यांचं मात्र दोन भागांत बघा. कोक ड्रम किंवा मोठं इव्हॅपोरेटर हे व्हेसल आहे, म्हणजे जाड पत्र्याचं बंद भांडं. ते कारखान्यात वेल्ड होतं, मग वेल्डिंगमधला ताण घालवायला भट्टीत तापवतात, मग एक्स-रे किंवा अल्ट्रासोनिक, मग पाणी भरून दाबाची चाचणी. हे सगळं साइटवर उघड्यावर करायचं म्हणजे खर्च, वेळ आणि दर्जाची धास्ती. होत नाही असं नाही, पण कुणी आनंदाने करत नाही.

मॉड्यूल वेगळं. ते लोखंडी सांगाड्यात बसवलेले पाइप, पंप, केबल. तिथे जोड कुठे द्यायचा हे ड्रॉइंग करतानाच ठरवता येतं.

रानवाट

इथेच मला कंपनीचा राग येतो. मॉड्यूल्स लहान करता येणार नाहीत, असं इंपीरियलची बाजू सुरुवातीला सांगत होती. मग कोर्टकज्जे लांबले आणि लुइस्टनच्या धक्क्यावर आलेली मॉड्यूल्स कापायला सुरुवात झाली! जुलै २०११ मध्ये मोंटानातल्या न्यायाधीशांनीही खेपांना स्थगिती दिली. ३० फुटांची उंची १५ फुटांच्या आसपास आणली, म्हणजे महामार्ग ९५ ने उत्तरेला जाऊन आंतरराज्य ९० च्या पुलांखालून ती जाऊ लागली. वाटेत मॉस्को गावात (आयडाहोतलं, रशियातलं नव्हे) लोक रात्री रस्त्यावर उतरले, तो पुढचा भाग.

हिशेबी

कापली, हो. आणि कापायचा, पुन्हा जोडायचा खर्च कुणी भरला? 'करता आलं' आणि 'परवडलं' यात फरक असतो. न्यायालयात रोज पैसा जळत असेल तर माणूस कुठलाही तोडगा स्वीकारतो. त्यावरून आधीचं बोलणं खोटं ठरत नाही.

ओडीसीवाला

यात हिशेबींना माझं अर्धं अनुमोदन. धक्क्यावर उभं असलेलं मॉड्यूल कापणं हे कागदावर दोन तुकड्यांत आखण्यापेक्षा कितीतरी महाग. केबल ट्रे, पाइपची तोंडं, इन्सुलेशन, सगळं पुन्हा उघडायचं. उरलेलं अर्धं अनुमोदन का नाही ते नंतर लिहितो, आत्ता शिफ्टला चाललोय.

माळरान

या सगळ्यात नेझ पर्स लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीचा, उल्लेख अजून आला नाही, हे मला खटकलं. रस्त्याचा मोठा भाग त्यांच्या राखीव क्षेत्रातून जातो.

१८५५ च्या तहात त्यांनी मोठा मुलूख सोडला, पण नेहमीच्या जागी मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला. १८६३ मध्ये दुसरा तह झाला आणि उरलेल्या क्षेत्राचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गेला. १८७७ मध्ये सैन्य मागे लागलं तेव्हा बायकामुलांसह त्यांची माणसं याच डोंगरांतून, लोलोच्या वाटेने पूर्वेला निघाली. लुइस आणि क्लार्क यांच्या १८०५ च्या मोहिमेचं कौतुक सगळ्या फलकांवर असतं. ज्यांनी त्या उपाशी मोहिमेला खायला घातलं ते हेच लोक.

ऑगस्ट २०१३. ओमेगा मॉर्गन ही वाहतूक कंपनी जनरल इलेक्ट्रिकच्या उपकंपनीचं जलशुद्धीकरणाचं इव्हॅपोरेटर घेऊन निघाली. २५५ फूट लांब, २१ फूट रुंद, ६,४४,००० पौंड म्हणजे सुमारे २९२ टन. मध्यरात्रीच्या सुमारास राखीव क्षेत्राच्या हद्दीजवळ दोनशेच्या आसपास माणसं रस्त्यावर उभी होती. पुढे होते ते जमातीच्या निर्वाचित कार्यकारी समितीचे सदस्य, अध्यक्षांसकट. त्यांनी स्वतःहून अटक करून घेतली. पुढच्या रात्रीही लोक आले, त्याच्या पुढच्याही.

ही चळवळ्या पोरांची हुल्लड नव्हती. एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या परवान्याला रस्त्यात उभं राहून दिलेला नकार होता.

हिशेबी

भावना समजतो. पण सार्वजनिक महामार्ग अडवणं बेकायदा आहे, समितीने केलं तरी. त्या रात्री मागे रुग्णवाहिका असती तर?

चहाटळ

रुग्णवाहिका माणसांच्या गर्दीतून वाट काढते. २५५ फुटांच्या ट्रेलरला 'जरा बाजूला व्हा' म्हणून बघा.

तळटीप

कायद्याचा भाग जरा नीट लिहितो, कारण निकाल तिथेच लागला.

राज्याचं म्हणणं: रस्ता आमचा, परवाना आम्ही देणार. केंद्र सरकारच्या वन विभागाचं म्हणणं: जंगल आणि नदीचा पट्टा आमचा आहे खरा, पण महामार्गावर आमचा अधिकार चालत नाही. म्हणजे ज्यांच्याकडे नदी सांभाळायचं काम होतं त्यांनीच हात वर केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये संघीय न्यायाधीश बी. लिन विनमिल यांनी सांगितलं की तुम्हाला अधिकार आहे. त्यानंतर विभागाने निकष आखले: १६ फुटांपेक्षा रुंद किंवा १५० फुटांपेक्षा लांब, संरक्षित पट्टा पार करायला १२ तासांपेक्षा जास्त लागणारी, किंवा जिच्यासाठी रस्ता वा झाडंझुडपं बदलावी लागतील अशी खेप असेल तर आधी आढावा, जमातीशी सल्लामसलत. तरीही राज्याने ऑगस्टच्या खेपेला परवाना दिला आणि माळरान यांनी लिहिलेला प्रसंग घडला. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच न्यायाधीशांनी मनाई हुकूम काढला, आणि जानेवारी २०१७ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं.

म्हणजे 'निसर्ग जिंकला' असा निकाल कुठेही नाही. विचारायचं काम कुणाचं, एवढंच ठरलं. मला ते पुरेसं मोठं वाटतं.

घाटमाथा

आपल्याकडे टर्बाइनची पाती घाटातून नेतात तेव्हा मात्र कुणी चकार शब्द काढत नाही!

रानवाट

घाटमाथा, स्वतंत्र धागा काढा, मी येतो तिथे. इथे लॉक्सापुरतंच ठेवू.

तळटीप, धन्यवाद. वन विभागाचा हात वर करण्याचा भाग मला इतका स्पष्ट माहीत नव्हता.

नवखी

मग ती यंत्रं गेली कुठून? की गेलीच नाहीत?

माळरान

बरीच गेली. डिसेंबर २०१३ मध्ये ओमेगा मॉर्गननेच अल्बर्टाकडची खेप शेजारच्या ओरेगन राज्यातल्या उमाटिला बंदरातून, पूर्व ओरेगनच्या डोंगरी रस्त्यांनी नेली. बर्फात. तिथेही स्थानिक जमातीच्या लोकांनी विरोध केला, अटका झाल्या. मग २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले आणि तेलवाळूची घाईच ओसरली.

हिशेबी

झालं! म्हणजे आयडाहोची अडचण ओरेगनच्या गळ्यात. याला तुम्ही यश म्हणता? लुइस्टनचं काम गेलं, तेल जमिनीतून निघालंच, एक टनसुद्धा कार्बन वाचला नाही.

खळाळ

कार्बन वाचवायला कुणी निघालं होतं असं मी म्हटलं नाही. काही विरोधकांच्या डोक्यात तेलवाळू होती, काहींच्या डोक्यात फक्त त्यांचा रस्ता. नदीकाठी राहणाऱ्या माणसाने जगाचं तेल थांबवलं नाही म्हणून त्याने अंगणही सोडून द्यायचं का? ओरेगनवाल्यांवर अन्याय झाला हे मात्र खरं, त्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

ओडीसीवाला

आलो. राहिलेलं अर्धं लिहितो.

या धंद्यात माल किती मोठा बनवायचा हे ऑर्डर देताना ठरतं, आणि तेव्हाच मार्गाचं सर्वेक्षण व्हायला हवं. एक माणूस गाडीला उंचीची काठी लावून प्रत्येक तार, प्रत्येक पूल, प्रत्येक वळण मोजत जातो. तो अहवाल डिझाइनवाल्याच्या टेबलावर पडतो आणि मग आकार नक्की होतो. इथे मोजमाप झालंच नव्हतं असं मी म्हणत नाही. पण तारखा बघा. कोक ड्रम २०१० मध्येच लुइस्टनच्या धक्क्यावर होते, परवाने नंतर. कोरियातली मॉड्यूल्सही त्याच वर्षी यायला लागली, परवाना हातात नसताना. दोनशेवर मॉड्यूल्सची ऑर्डर एका रस्त्याच्या भरवशावर द्यायची आणि त्या रस्त्यावरच्या लोकांशी बोलणं मात्र शेवटी.

का करतात तेही सांगतो, कारण मी अशा बैठकांत बसलोय. माल धक्क्यावर उभा असला की परवाना देणाऱ्यावर दडपण येतं. 'आता एवढं आलंय तर जाऊ द्या.' बहुतेक वेळा हे चालून जातं. धक्क्याचं भाडं, थांबलेल्या ट्रेलरचं भाडं, ड्रायव्हरांचा पगार, सगळं त्या एका वाक्याच्या बाजूने बोलत असतं. लुइस्टनला ते चाललं नाही, म्हणून शेवटी गॅस कटर आणावे लागले. हिशेबी, तो खर्च आंदोलकांच्या खात्यावर टाकू नका. तो ऑर्डरच्या दिवशीच ओढवून घेतला होता. मॉड्यूल्सना जोडणी साइटजवळ ठेवायचा पर्यायही होता, एडमंटनमध्ये फॅब्रिकेशनची मोठी यार्डं आहेत.

हिशेबी

हा मुद्दा घेतला. ऑर्डरच्या आधी मार्ग पक्का करायला हवा होता, मान्य. पण मग राज्याने पहिल्याच भेटीत 'नाही' म्हणायला हवं होतं. आत बोलावून, नकाशे बघून, अटी घालून, माल येऊ देऊन मग कोर्टात भांडायला सोडणं हा कुठला कारभार? कंपनीएवढाच दोष मी त्यांना देईन. आणि बंदराचं काय, हे अजून कुणीच सांगितलेलं नाही.

रानवाट

राज्याबद्दल सहमत. बंदराबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. कुणी लुइस्टनच्या बार्ज वाहतुकीबद्दल, विशेषतः स्नेकवरची खालची चार धरणं काढायच्या मागणीबद्दल लिहिणार असेल तर वेगळा धागा काढू. तो वाद याहून जुना आहे आणि त्यात नेझ पर्स, गहू पिकवणारे आणि सामन मासे एकदमच येतात. हिशेबी, सुरुवात तुम्ही करा, पहिला प्रतिसाद माझा.